पडायला शिकवणारी बाई

रस्त्यात मुद्दाम पडणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. भाजीबाजारात, पोस्टाच्या आवारात, कंपनीच्या गेटसमोर, कुठेही. बोलता बोलता तिला एखादा मुद्दा पटवून द्यायचा असला की ती हातातली पिशवी खाली ठेवायची, हनुवटी छातीला टेकवायची आणि सरळ मागे कोसळायची. दोन्ही हात जमिनीवर आपटून थाड् असा आवाज व्हायचा. माणसं धावायची. कुणी कांदा फोडून आणायचं, कुणी हुंगवायला पायातली चप्पल काढायचं. तोवर बाई उठून उभी राहिलेली असायची आणि झग्याची धूळ झटकत म्हणायची, "बगितलंस? कायबी झालं न्हाई!"

सगळे तिला जर्मनबाई म्हणायचे. माझे वडील चिंचवडच्या ज्या कारखान्यात फिटर होते, तिथे जर्मनीहून मोठी यंत्रं आली होती आणि ती बसवून चालू करून द्यायला एक साहेब आले होते. बाई त्यांची बायको. साहेब उंच, काटकुळे, कमी बोलणारे. बाई त्यांच्या खांद्याला लागायची, पण रुंदीला दाराएवढी. मान आखूड, पोटऱ्या पैलवानाच्या, आणि कान तर असे, की पहिल्यांदा बघणाऱ्याची नजर हटायची नाही. तळताना मुडपलेल्या पुरीसारखे. ती तिच्या देशातली ज्यूडोची विजेती होती, एकदा नव्हे, लागोपाठ काही वर्षं. हे आम्हाला उशिरा कळलं. सुरुवातीला आमच्या चाळीत एवढंच माहीत होतं, की साहेबांची बायको जरा वेडी आहे.

आणीबाणी नुकतीच उठली होती. प्राधिकरणात बंगले कमी आणि प्लॉटच्या हद्दीचे दगड जास्त, असे ते दिवस. त्या माळाच्या कडेला त्यांचा बंगला होता. घरकामाला गयाबाई नावाची पन्नाशीची बाई होती, नदीपलीकडच्या पुनावळ्याची. ती रोज चालत यायची. जर्मनबाई मराठी शिकली ती या गयाबाईकडून, आणि गयाबाई तिच्याशी बोलायची ते सुनेशी आणि शेळीशी बोलावं तसं, बिनदिक्कत एकेरीत. त्यामुळे बाईला 'तुम्ही' हा शब्द माहीतच नव्हता. इंग्रजी शिकलेल्या अधिकाऱ्यांच्या बायका तिच्याशी जपून इंग्रजीत बोलायला जायच्या, आणि बाई खणखणीत मावळी मराठीत विचारायची, "काय गं, दळन आनलंस का?"

कारखान्याचे मोठे साहेब एका चहापानाला तिच्यापुढे अदबीने उभे राहून हवापाण्याचं काहीतरी बोलले. ती म्हणाली, "आरं लेका, भाकर खाल्लीस का न्हाई?" वडील तिथे पाणी-लाइटची व्यवस्था बघायला होते. ते सांगायचे, मोठ्या साहेबांनी हातातला कप खाली ठेवला. मग मोठे साहेब एवढे हसले की त्यांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले. ते मूळचे वाईकडचे. गाव सोडल्यापासून त्यांना 'लेका' म्हणणारं कुणी उरलं नव्हतं. त्यानंतरचं सगळं चहापाणी ते बाईशीच बोलत बसले.

बोलताना समोरच्याची कॉलर धरायची ही तिची आणखी एक सवय. राग नसायचा, प्रेमच असायचं. डावा हात बाहीला, उजवा कॉलरला, आणि मग गप्पा. पोस्टमन तिला पत्र द्यायचा तो हात लांब करून, कुंपणाबाहेरून. माझ्या वडिलांनी तर तिला भेटायला जाताना कॉलर नसलेला सदरा घालायला सुरुवात केली होती. रॉकेलच्या रांगेत ती एका पायावर उभी राहायची. मधूनच पाय बदलायची. आणि कुठल्याही जागेत शिरताना, मग ते पिठाची गिरणी असो की बँक, ती उंबऱ्याशी थांबून कमरेत वाकून नमस्कार करायची. गिरणीवाला सुरुवातीला ओशाळायचा. पुढे तोही उठून वाकायला लागला. त्याची गिऱ्हाइकं खोळंबायची.

मी तिच्या तावडीत सापडले ते संक्रांतीच्या हळदीकुंकवाला. अधिकाऱ्यांच्या बायकांनी कामगारांच्या बायकामुलींना क्लबच्या हॉलमध्ये बोलावलं होतं. मी तेव्हा पिंपरीच्या एका औषधांच्या कंपनीत पॅकिंगला होते. लग्नाचं बघणं चालू होतं आणि जमत नव्हतं. कारण उघड होतं. मी उंच होते आणि त्याहून जास्त आडवी. आम्ही मूळचे परभणीकडचे, तिकडच्या आमच्या सगळ्याच बायका दणकट. पण इकडच्या स्थळांना नाजूक मुली हव्या होत्या. आई मला मोजून एक भाकरी वाढायची, आणि मी कंपनीच्या कॅन्टीनमध्ये त्याची भरपाई करायची. त्या दिवशी आईने मला कोपऱ्यात, खांबाच्या मागे बसवलं होतं, जमेल तेवढं झाकून.

बाईने वाण घेतलं, हॉलभर नजर फिरवली आणि ती थेट खांबाकडे आली. माझ्यापुढे कमरेत वाकली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुजं वजन काय?"

आईचा चेहरा कुंकवासारखा झाला. मी काहीतरी पुटपुटले. बाईचे डोळे लकाकले. "खरं? झ्याक! हुबी ऱ्हा." मी उभी राहिले. तिने माझी बाही धरली, कमरेला हात घातला, वळली, आणि मी तिच्या पाठीवर होते. माझे पाय हवेत. एवढ्या मोठ्या मुलीला कुणी उचललेलं तिथल्या कुणी पाहिलं नव्हतं, मीसुद्धा नाही. तिने मला गुलाबदाणीसारखं अलगद खाली ठेवलं. "आतापासनं रोज ये," ती म्हणाली. "आन् एक किलोबी कमी करू नगंस."

घरी आल्यावर आईने वाणाची पुडी फडताळात आदळली. मग एकदम म्हणाली, "वजन विचारायली का चारचौघांत! जनावर हाय का माझं लेकरू?" वडील पेपराआडून म्हणाले, "साहेबांची बायको आहे. दोन दिवस जाऊ दे. कंटाळेल ती."

बाई कंटाळली नाही. मीही नाही. पहिली शिफ्ट सुटली की मी कंपनीतून परस्पर बंगल्यावर जायची. मागच्या अंगणात तिने मावळातला भाताचा पेंढा भरून जाड गाद्या करून घेतल्या होत्या, वर देहूरोडच्या भंगारात मिळालेली लष्करी ताडपत्री. त्या गाद्या शिवल्या होत्या रहीमचाचांनी. पिंपरीत त्यांचं ट्रकची हुडं आणि सीटकव्हरं शिवायचं दुकान होतं. माझ्यासाठी ज्यूडोचा अंगरखा शिवायचा झाला तेव्हाही आम्ही त्यांच्याकडेच गेलो, कारण साध्या शिंप्याने शिवलेला मांजरपाटाचा अंगरखा बाईने पहिल्याच दिवशी खांद्यापासून उसवला होता. रहीमचाचांनी माझ्याकडे पाहिलं, बाईकडे पाहिलं आणि हुडाचा मेणाचा दोरा काढला. "बेटी," ते मला म्हणाले, "ट्रक फटेगा, ये नहीं फटेगा."

मला वाटलं होतं, बाई आता डाव शिकवणार. तिने शिकवलं पडायला. मागे पड, बाजूला पड, पुढे कोलांटी घेऊन पड. आठवडे गेले, मी पडतेच आहे. गयाबाई भांडी घासता घासता बघायची आणि म्हणायची, "आगं, तिला हुबं ऱ्हायाचं शिकीव की कायतरी!" बाई म्हणायची, "हुबी समदीच ऱ्हात्यात. आदी जमीन वळकीची पायजे."

जमीन माझ्या ओळखीची झाली हे मला एका संध्याकाळी बसमधून उतरताना कळलं. बस थांबायच्या आधीच मागून धक्का आला आणि मी फुटबोर्डावरून भिरकावली गेले. पुढचं माझ्या अंगानेच केलं. हनुवटी आत गेली, हात आपटला, थाड् आवाज झाला आणि मी रस्त्यात उभी होते, डबा हातात, पदर खांद्यावर. कंडक्टर घंटी मारून खाली धावत आला आणि मला धडधाकट बघून मलाच दम भरायला लागला. "असं पडतात का बाई? माझा जीव गेला असता!" मी त्याला काय सांगणार! बाईला सांगितलं, तर तिने आनंदाने माझी कॉलर धरून मला गदागदा हलवलं.

हे सगळं ती माझ्यासाठी करत नव्हती, हे मला ती बोलायच्या आधी कळलं होतं. तिला स्वतःला तयारी करायची होती. तिच्या देशाची स्पर्धा उन्हाळ्यानंतर होती आणि तिला तिथे जाऊन एकदा, शेवटचं, खेळायचं होतं. पण सराव कुणाबरोबर करणार? साहेबांना ती रोज सकाळी उचलून टाकायची, पण साहेब तिच्या मानाने फारच हलके. शिवाय एकदा ते हात गळ्यात बांधून कारखान्यात गेले आणि वडिलांनी विचारल्यावर फक्त "बायको" एवढंच म्हणाले. तिला वजनदार जोडीदार पाहिजे होता. मी वजनदार होते, पण कच्ची होते. म्हणून एका रविवारी ती गयाबाईला म्हणाली, तुझ्या गावात पैलवान आहेत म्हणे, चल.

पुनावळ्याच्या तालमीचे वस्ताद गयाबाईचे चुलतदीर. साठीचे, शिडशिडीत, मिशा पांढऱ्या. आम्ही तिघी गेलो तेव्हा आत पोरांच्या जोड्या लागल्या होत्या. बाई उंबऱ्याशी थांबली, कमरेत वाकून मातीला नमस्कार केला आणि आत न जाता बाहेरच्या दगडावर बसली. आतली झटापट थांबली. वस्ताद बाहेर आले.

"बाई, तालमीत बायामानसं येत न्हाईत," ते म्हणाले.

"व्हय. आमी भाईरच हाय."

"मग काय बगताय?"

"पाय."

वस्तादांनी तिच्या पायांकडे पाहिलं, मग मानेकडे, आणि मग त्यांची नजर तिच्या कानांवर गेली. त्यांचे स्वतःचे कान तसेच होते, मोडलेले, चुरगाळलेले. कुस्ती खेळणाऱ्याचे कान घासून घासून असे होतात, आणि दुसऱ्या कशाने होत नाहीत.

"कान कुटं मोडलं?" त्यांनी विचारलं.

"घरी. जर्मनीत. ल्हान हुते तवा."

वस्ताद तिच्या शेजारी, दुसऱ्या दगडावर बसले. पोरांना ओरडले, "थांबला कशापायी? चालू द्या!" आणि मग दोघं मिळून पोरांचे पाय बघत बसले. त्यानंतर दर रविवारी हेच. एखादा पोरगा डावात शिरला की ही बोट दाखवायची. वस्ताद मान हलवायचे. कधी कधी दोघं दोन हातांची बोटं एकमेकांत अडकवून डाव समजावून द्यायचे. तिच्याकडे त्या डावांची जपानी नावं, त्यांच्याकडे ढाक, टांग, धोबीपछाड. नावांवरून अडायचं, बोटांवरून सुटायचं. पण आत मात्र तिला घेता येईना. गावाने ऐकलं नसतं, आणि वस्तादांनाही ते मनातून जमत नव्हतं. बाईने एकदाही मागितलं नाही. एकदा फक्त परत येताना नदीपाशी म्हणाली, "त्या मातीवर पडाया लई झ्याक वाटंल."

हे गयाबाईने दिराच्या कानावर घातलं असणार. पुढच्या आठवड्यात बंगल्याच्या फाटकाशी एक बैलगाडी येऊन थांबली. गाडीत तांबडी माती. नुसती नाही, तालमीची, चाळलेली, तेल, ताक, हळद, लिंबू घालून मुरवलेली. वस्ताद गाडीबरोबर चालत आले होते. बाई धावत बाहेर आली.

"तुमास्नी तितं आत येता येत न्हाई," वस्ताद तिच्याकडे न बघता, बैलांकडे बघत म्हणाले. "पर मातीला भाईर यायला कुनाची आडकाठी न्हाई."

बाईने आयुष्यात पहिल्यांदा बोलताना कुणाची कॉलर धरली नाही. ती वाकली, आणि वाकूनच राहिली. वस्तादांना काय करावं सुचेना, म्हणून ते गाडीतली माती उपसायला लागले.

त्या मातीवर मी खरी शिकले. माझ्या केसांना तेला-ताकाचा वास यायला लागला आणि आई रोज रात्री न्हाऊ घालताना कुरकुरायची. दंडावर बाईच्या पकडीचे निळे वळ असायचे. एवढं चालत होतं. चाललंच असतं. पण मध्येच मला बघायला आले.

सांगवीचं स्थळ होतं, मुलगा बँकेत. आईने दोन दिवस आधीच मला बंगल्यावर जायला बंदी केली, हनुवटीवरच्या काळ्यानिळ्या डागावर पावडर थापली आणि मला भिंतीला टेकवून बसवलं, म्हणजे मागून रुंदी दिसायला नको. पोहे झाले, नाव-गाव झालं. मुलाची आई मला निरखत आईला म्हणाली, "मुलगी जरा दांडगी वाटते, नाही?"

नेमकी तेव्हाच बाई दारात उभी होती. रहीमचाचांनी माझा दुसरा अंगरखा शिवून दिला होता, तो घेऊन आली होती. तिने उंबऱ्याशी वाकून नमस्कार केला, शब्द ऐकला आणि तिचा चेहरा अभिमानाने फुलला. गयाबाईच्या तोंडून 'दांडगी' हा शब्द तिने फक्त कौतुकाने ऐकला होता, चांगल्या म्हशीबद्दल.

"जरा न्हाई!" ती म्हणाली. "लई दांडगी! माज्या नवऱ्याला उचलून आपटती!"

पाहुणे चहाला थांबले नाहीत. माझं लग्न पुढे झालं, देहूरोडच्या डेपोतल्या एका हसऱ्या कारकुनाशी, आणि ते सुखाचं झालं. पण त्या दिवशी हे कुणाला माहीत होतं? आई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याकडे तोंड करून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते. मी जवळ गेले तेव्हा म्हणाली, "आजपासून बंद. तिकडं पाऊल टाकायचं नाही. टाकलंस तर मी गावाकडं निघून जाते."

मी गेले नाही. चार दिवस, पाच दिवस. बाईची स्पर्धा जवळ येत होती. मला कंपनीतून सुटल्यावर पाय बंगल्याच्या वळणाशी थांबतायत असं वाटायचं, आणि मी त्यांना ओढत घरी आणायची.

मग एका दुपारी बाई आमच्याकडे आली. मी नुकतीच शिफ्टवरून आले होते. ती सरळ स्वयंपाकघरात गेली आणि आईसमोर जमिनीवर मांडी घालून बसली. आईने तिच्याकडे पाहिलं नाही, पण ताटात भाकरी आणि पिठलं वाढून पुढे सरकवलं. घरी आलेल्या माणसाला उपाशी ठेवणं तिला जमणारं नव्हतं. बाईने सगळं संपवलं, मग म्हणाली, "मी चुकले. माज्यामुळं तिचं लगीन मोडलं."

"मोडलं," आई म्हणाली.

"पर मला ती पायजे. दुसरं कुनी न्हाई."

"तुमचं आपलं बरंय. खेळायलाव तुम्ही. माझ्या लेकराचं वय निघून चाललंय."

बाई थोडा वेळ बोटांनी ताट फिरवत राहिली. मग तिने जे सांगितलं ते मीही पहिल्यांदाच ऐकत होते. ती लहानपणापासून ज्यूडो खेळायची, पण तिच्या तरुणपणी तिकडे बायकांना फक्त शिकायची परवानगी होती. स्पर्धेत उतरायची नाही. पोरं स्पर्धेला जायची, ही गाद्या झाडायची. तिच्याहून कच्ची पोरं पदकं घेऊन यायची आणि ही त्यांना टाळ्या वाजवायची. तिचा बाप म्हणायचा, आता बस कर, कान बघ तुझे, कोण करील तुला? ती करत राहिली. बायकांना स्पर्धेचं दार उघडलं तेव्हा तिची उमेदीची निम्मी वर्षं सरली होती. तरीही ती आत गेली आणि जिंकली. पुन्हा जिंकली. मग नवऱ्याची बदली झाली आणि ती इकडे आली.

"आता येकदाच," ती म्हणाली. "मग मी म्हातारी."

आई ऐकत होती. तिने हातातलं उलथनं खाली ठेवलं होतं. तिने विचारलं, "जिंकलीस तर काय देतेत?" ती तुम्हीवरून तूवर आली होती.

"पदक. येवडं." बाईने बोटांनी वाटोळं दाखवलं.

"सोन्याचं?"

"न्हाई गं. वरनं सोनं. आत कायतरी पितळबितळ."

आईच्या तोंडून एकदम हसू फुटलं. "पितळासाठी! एवढं हाणून घ्यायलीस पितळासाठी!" आणि ती हसतच राहिली. बाईही हसायला लागली, आणि दोघी त्या एवढ्याशा स्वयंपाकघरात एकमेकींच्या गुडघ्यांवर हात मारून हसत होत्या. मी दारात उभी, मला रडू येत होतं.

"ने तिला," आई डोळे पुसत म्हणाली. "पण तोंडाला लागू देऊ नको. तोंड दाखवायचंय तिला अजून."

उरलेल्या दिवसांत आम्ही वेड्यासारखं खेळलो. आई कधी कधी संध्याकाळी बंगल्यावर यायची आणि गयाबाईशेजारी पायरीवर बसून शेंगा फोडत बघायची. "अगं, वाक! वाक की!" असं ओरडायचीसुद्धा. मी बाईला एकदाही टाकू शकले नव्हते. ती कधी मुद्दाम पडून देणाऱ्यातली नव्हती. गिरणीवाल्याला समजावायला ती रस्त्यात पडेल, पण मातीवर कुणाचं मन राखायला पडणार नाही. मी ढकलायची, ओढायची, आणि दर वेळी आकाश बघायची. मग ती गेली. तिचे साहेब इथेच राहिले, मोकळ्या खांद्यांनी हिंडत.

ती परत आली त्या दिवशी आम्ही सगळे अंगणात होतो. आई, गयाबाई, मी. वस्तादही आले होते. ते फाटकाशी घुटमळले, तेव्हा बाईने हाक मारली, "आत ये की!" त्यांनी चपला काढल्या आणि आत येऊन मातीच्या कडेला बसले.

"काय झालं?" आईने विचारलं. तिच्याने धीर निघत नव्हता.

"हरले," बाई म्हणाली. "शेवटच्या कुस्तीत." तिने खिशातून पदक काढून गयाबाईच्या हातात दिलं. दुसऱ्या नंबराचं होतं, रुपेरी. गयाबाईने ते पदराला पुसलं आणि पुन्हा पुन्हा उलटसुलट करून बघितलं.

बाई पायरीवर बसली. तिची एक पापणी अजून सुजलेली होती. ती मातीकडे बघत राहिली आणि मला वाटलं, ही आता रडणार. तिने बाहीने नाक पुसलंसुद्धा. आणि मग एकदम उठून उभी राहिली.

"पर काय टाकलं मला!" ती म्हणाली. "काय टाकलं! ये, ये, तुला दावते."

तिने मला मातीवर ओढलं. "तू म्हंजे मी. मी म्हंजे ती पोरगी. वीस वर्साची हाय, उंच. आता तू माज्यावर चालून ये, मी जाती तशी." मी चालून गेले. ती मागे सरली, सरली, आणि मला वाटलं आता ही माझीच झाली, तेवढ्यात ती तिथे नव्हती. माझा पाय हवेत निघाला आणि मी उताणी पडले, थाड्.

"बगितलंस?" बाई टाळ्या पिटत ओरडली. "ती पळत न्हवती! ती मला बोलवत हुती! आन् मी गेले!"

"फिरून दाव," वस्ताद पुढे सरकून म्हणाले.

तिने फिरून दाखवलं. पुन्हा दाखवलं. वस्ताद उठून उभे राहिले, त्यांनी तिच्या टाचेचा कोन बघितला, स्वतःच्या पायाने हवेत करून बघितला आणि पहिल्यांदाच मातीच्या त्या चौकोनात पाऊल टाकलं. दोघं त्या पोरीची तारीफ करत होते, जिने बाईला हरवलं होतं. आईच्याने राहवलं नाही. "अगं, पण हरलीस ना तू?"

"व्हय!" बाई म्हणाली, जणू आईला मुख्य गोष्टच कळलेली नव्हती. "पर आसं कुनी टाकलंच न्हवतं मला कदी!"

मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आता तू ती पोरगी," ती म्हणाली, "आन् मी, मी." आणि ती माझ्यावर चालून आली, खरोखरच्या जोराने, जशी ती नेहमी यायची. मी मागे सरले. सरले. तिचं वजन पुढच्या पायावर आलं, ते मला माझ्या तळव्यात कळलं, आणि मी बाजूला वळले.

बाई तांबड्या मातीवर उताणी पडली. मी तिला टाकलं होतं. गयाबाईने तोंडावर हात ठेवला. आई अर्धवट उठली होती. मी वाकून हात पुढे केला, पण बाईने तो घेतला नाही. ती तशीच पडून राहिली, हात पसरून, वर आकाशाकडे बघत, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरत गेलं.

"व्हय," ती म्हणाली. "आसंच झालं."